मांडीएवढा

आमच्या गोदाकाठी मासा किलोत मोजत नाहीत. किलोत तो बाजारात मोजतात, तेही मेल्यावर. पाण्यातल्या जिवंत माशाचं माप अंगावर दाखवायचं असतं: बोटाएवढा, मनगटाएवढा, पोटरीएवढा, मांडीएवढा. मांडीच्या वर मासा सहसा जात नाही, कारण त्यापुढं दाखवणाऱ्याचीच पंचाईत होते. मग सांगणारा एकदम गोठ्यात शिरतो आणि मासा करडाएवढा, वासराएवढा होतो. वासराच्याही पुढं, थेट रेड्यापर्यंत, आमच्या घराण्यात फक्त मामा पोचले होते. पण त्या दिवशी पोळ्याची कर होती आणि मामा दुपारपासून मळ्यात होते.

या पद्धतीला हसण्याचं कारण नाही. तिला सरकारमान्यता आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदांत अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू म्हणजे 'मत्स्यजिरे', आणि तेच वाढून तलावात सोडण्याजोगं झालं की 'बोटुकली'. म्हणजे खात्यानं मसाल्याच्या डब्यापासून सुरुवात करून माप बोटापर्यंत आणून ठेवलं आहे. मनगटापासून पुढचं काम आम्ही विनामोबदला करतो. फक्त एक गोष्ट विचारायची नसते: मांडी कुणाची? मामा तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांच्या एका मांडीत माझ्या दोन्ही मांड्या बसून वर टॉवेल ठेवायला जागा उरते. त्यामुळं एकच मासा आम्ही दोघांनी पाहिला तर तो दोन वेगळ्या जातींचा ठरतो.

मासा सांगणाऱ्यांतही दर्जे आहेत. गळ टाकून बसणाऱ्याचा मासा सुटून जातो हे खरं, पण निदान वाकलेला गळ तरी दाखवावा लागतो. जाळंवाल्या भोयाला तर रोज सकाळी मासा काट्यावर ठेवून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खरं बोलावं लागतं, हा त्या धंद्यातला मोठाच दोष आहे. खरा मोकळा माणूस म्हणजे बुडी मारणारा. तो खाली एकटा जातो, वर येतो तेव्हा धापा टाकत असतो, आणि धापा टाकणाऱ्याची उलटतपासणी घेण्याची आपल्याकडं रीत नाही.

मामांचं गाव गंगाखेडच्या खालच्या अंगाला. नदी कागदोपत्री गोदावरी, तोंडी गंगा. जनाबाईच्या गावाच्या नावात 'गंगा' आहे ती हीच. या गंगेला प्रत्येक गावाच्या शिवारात एक डोह असतो आणि प्रत्येक डोहाला तळ नसतो. आमच्या डोहात म्हणे सात बाजांचं सुंभ एकाला एक गाठून सोडलं होतं, टोकाला पाटा बांधला होता, तरी ठाव लागला नाही. पुढच्या गावच्या डोहाला नऊ बाजा लागल्या, पण ते गाव पहिल्यापासून तसलंच. सातही बाजा उसवल्यावर त्या रात्री माणसं झोपली कुठं, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. उत्तराऐवजी टपली मिळाली. पाट्याचं काय झालं हे विचारायचं मग मी राहू दिलं.

त्या डोहात 'तो' राहायचा. त्याला नाव नव्हतं. आजी म्हणायची, त्याच्या नाकात सोन्याची नथ आहे, कुठल्याशा राणीनं घातलेली. नथ म्हटल्यावर ती मादी हवी, पण माशाच्या लिंगाबाबत गाव उदार होतं. नथवाल्या माशांच्या गोष्टी इतर नद्यांवरही ऐकू येतात, पण तिकडं निदान दाखवायला मासे तरी असतात. महाडकडं काळ नदीच्या वाळणकोंडीतले महसीर देवीचे म्हणून लोकांनी पिढ्यान्पिढ्या राखलेत. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेतले मासे महादेवाचे. खायला टाकलं की ते पायरीपर्यंत येतात. आमच्या डोहाला देव नव्हता, नुसता मासा होता, आणि तो पायरीवर येण्यातला नव्हता.

पोहायला मात्र आम्ही डोहात शिकलो नाही, मळ्यातल्या विहिरीत शिकलो. आमच्याकडची शिकवणी अशी: पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा आणि वर्ग सुरू झाल्याचं न सांगता मागून ढकलायचं. डबा आधी वर येतो, मग विद्यार्थी. आठ-पंधरा दिवसांनी डबा सुटतो, मग मुटका जमतो, मग सूर, आणि शेवटची पदवी म्हणजे तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणं. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची देखणी बारव आहे. शंखाच्या पोटात उतरावं तसं तिच्यात उतरता येतं. आमच्या विहिरीला पायऱ्यांच्या नावानं भिंतीतून बारा दगड बाहेर काढलेले होते, त्यातले चार बाद.

मृग बरसून गेला होता, शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि माझी पदवी व्हायची होती. सूर मारला. कानात दडे बसले. डोळे उघडले. पाण्यात उघड्या डोळ्यांना कसं दिसतं हे ज्यांनी ते उघडलेत त्यांनाच ठाऊक. हवेत जे बुबुळ प्रकाश नीट वाकवून आत सोडतं, त्याला पाण्यात कामच उरत नाही, आणि सगळं जग भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं होतं. त्या भिजलेल्या जगात मला कळशीएवढा तांबूस ढग दिसला. जवळ गेलो तर तो ठिपक्यांचा होता. सुपात मसूर घोळावी तसे ते ठिपके घोळत होते, पण सांडत नव्हते. सगळे मिळून डावीकडं, सगळे मिळून उजवीकडं. मी बोट पुढं केलं.

ती मरळीची पिल्लं होती. विहिरीत आजोबांनीच कधीतरी मरळ सोडली होती. मरळ अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते, त्यामुळं ती असते हे सगळ्यांना माहीत असतं. काठावरून ती नम्र वाटते. पण पिल्लं असली की नर आणि मादी त्यांच्यावर पहारा ठेवतात आणि जवळ येणाऱ्याला टक्कर देतात, मग तो बेडूक असो की सहावीतला विद्यार्थी. माझ्या डाव्या पोटरीवर धोंडा बसावा तसा दणका बसला. वळून पाहिलं तर सापासारखं चपटं डोकं, त्यावर काहीही समजून न घेणारे दोन डोळे. नंतर पाणीच पाणी. मी वर कसा आलो ते आठवत नाही. मुठीत गाळ नव्हता, पण चड्डीत होता, आणि तो तळाचाच आहे असं मी शेवटपर्यंत सांगत राहिलो.

घरी मामी भाकरी थापत होत्या. चुलीचा धूर, भाकरीचा थपथपाट.

"काय झालं रं? लंगडत कामून यायलास?"

"मासा लागला. पोटरीला."

"माय! पोटरीएवढा?"

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तर मामींनी दृष्ट लागू नये म्हणून त्यात गुळाचा खडा घातला. तो विरघळेपर्यंत शेजारच्या काकू येऊन गेल्या. दिवेलागणीला पारावर गेलो तेव्हा मासा मांडीएवढा होता आणि विहिरीतून डोहात जायला आतून भुयार आहे हे सर्वानुमते मंजूर झालं होतं. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझी पोटरी वाकून बघत होतं.

आता थोडं जर्मनीकडं वळू. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो आणि बाहेरचे हसतात. पुरावा मागितला की आजवर आमची बोलती बंद व्हायची. आता पुरावा मिळाला आहे, आणि त्याला मिशा आहेत. २००१ साली जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावी बागेच्या तळ्यातल्या एका माशानं डाक्सहुंड जातीच्या कुत्र्याचं पिल्लू गिळल्याची बातमी झाली. लोकांनी त्याचं नाव कूनो ठेवलं. पकडायला माणसं गेली, कूनो सापडला नाही. २००३ मध्ये तळ्यात दीड मीटर लांबीचा मेलेला मासा मिळाला आणि हाच कूनो असं ठरलं. इथं जर्मन माणूस कमी पडला. मासा टेपनं मोजला की गोष्ट दीड मीटरवर थांबते. आमच्या गावात कूनोनं कुत्र्याच्या पिल्लापासून सुरुवात करून दोन वर्षांत बैलजोडीपर्यंत मजल मारली असती. पुढं २०२५ च्या जूनमध्ये बव्हेरियातल्या ब्रोम्बाख तलावात अशाच एका सुमारे दोन मीटरच्या माशानं पोहणाऱ्यांना चावे घेतले, तेव्हा पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. आमच्याकडं आधी पंचनामा झाला असता आणि तोवर मासा म्हातारपणानं मेला असता.

या जर्मन माशाचं नाव वेल्स. आणि आमच्या गंगेत जो लांबुळका, बिनखवल्यांचा, फाटक्या जबड्याचा शिवडा मिळतो, पुस्तकातला 'वालागो अट्टू', तो या वेल्सच्याच कुळातला आहे. शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच सिल्युरिडी घराण्यात बसवलंय. म्हणजे जर्मनी आणि परभणी यांचं नातं म्हणीपुरतं नाही, भाऊबंदकीचं आहे. शिवड्याची पुस्तकातली कमाल लांबी २४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट. नेहमी सापडतो तो अडीच फुटांच्या आसपास. या दोन आकड्यांच्या मधल्या साडेपाच फुटांत आमचं सगळं गाव राहतं.

गेल्या वर्षी मामांचा नातू पुण्याहून आला. संगणकातली नोकरी, तारकर्लीला समुद्रात बुडी मारायला शिकलेला, प्रमाणपत्रासकट. काचेचा मुखवटा, तोंडात धरायची नळी, पायाला बदकासारखे पंजे आणि पाण्यात चालणारा कॅमेरा. हवेची टाकी आणली नव्हती. गंगाखेडात सिलिंडर भरून मिळेल का म्हणून त्यानं फोनवर चौकशी केली, तर समोरच्यानं 'घरगुती का कमर्शियल?' विचारलं होतं.

"आबा, मला तो मासा शूट करायचाय."

"आरं, त्यानं काय केलंय तुझं?" मामा म्हणाले. मुखवटा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. "बैलाला मुसकं घालावं तसलं हाय की. ह्यातनं दिसतं व्हय?"

नातवानं समजावून सांगितलं की सपाट काचेतून पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतरानं जवळ दिसतात. तीन फुटांचा मासा चार फुटांचा भासतो. मामा एकदम गंभीर झाले. साठ वर्षं ते जी गोष्ट तोंडानं करत होते ती काचेनं करता येते आणि वर तिचं प्रमाणपत्रही मिळतं, हे कळल्यावर कुठल्याही कलावंताला वाटेल ते त्यांना वाटलं असावं.

रात्री नातू मोबाइलवर दख्खनच्या माशांची लॅटिन नावं वाचत बसला. ती लॅटिन मला ओळखीची वाटायला लागली. टोर खुद्री. गारा मुल्या. फुलुंगी, टाक्री, नुक्ता. भानगड अशी की कर्नल विल्यम हेन्री साइक्स या मुंबई सरकारच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा केले, कोळ्या-भोयांना नावं विचारली आणि १८३९ मध्ये तीच शास्त्रीय नावं म्हणून जगापुढं ठेवली. नाकावर भलामोठा फुगवटा असलेल्या माशाला 'नुक्ता' कुणी सांगितलं असेल त्याला माझा दंडवत. तो नकटाच असणार, आणि सांगणारा बेरकी. पण खरा धक्का पुढं होता. "लॅबिओ पोटेल," नातवानं वाचलं. त्या काळच्या इंग्रजी दप्तरात पाटलाचं स्पेलिंग 'पोटेल' असंच व्हायचं. मामा बाजेवर उठून बसले. गावची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली, ती नदीत शाबूत होती. साइक्सच्या वेळी आमचा मुलूख निजामाकडं होता आणि कर्नलसाहेब इकडं फिरकलेही नव्हते, हे मी बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाचं वतन दोनदा काढून घेऊ नये.

सकाळी निम्मं गाव काठावर. आणि तिथं मूळ प्रश्न उभा राहिला: डोह कुठाय? पालम तालुक्यातल्या डिग्रस बंधाऱ्याचं पाणी मागं तुंबतं तेव्हा नदी काठोकाठ सारखीच दिसते. तीन म्हाताऱ्यांनी तीन दिशांना बोट दाखवलं आणि तिघांचं आपसांत बोलणं बंद झालं. शेवटी ज्याच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसायचं होतं, त्या भोयानं चौथीच जागा ठरवली. त्याचं जाळं तिथंच होतं.

नातू उतरला. पाणी चहाच्या रंगाचं, दूध जास्त असलेल्या. त्यानं नंतर सांगितलं की हात पुढं केला तर कोपरापर्यंतच दिसत होता, मनगट कुठाय ते कळेना. बोट नाही, मनगट नाही, पोटरी नाही. मापायची सगळी साधनं खालीच गायब. पहिल्या तीन बुड्या गेल्या. चौथीला तो बाटलीच्या बुचासारखा वर उडाला, नळी एकीकडं, मुखवटा कपाळावर.

"काहीतरी लागलं!"

काठावरून शंभर माणसांचा एकच आवाज आला: "पोटरीला का मांडीला?"

संध्याकाळी मामांच्या टीव्हीला कॅमेरा जोडून बावीस मिनिटांचं चित्रण पाहिलं. बावीस मिनिटं तपकिरी रंग. मधूनच जरा जास्त तपकिरी. पुण्यात हे कुणी पाहिलं असतं तर केबल गेली म्हणून ऑपरेटरला फोन लावला असता. आमच्याकडं बावीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. अकराव्या मिनिटाला शेजारच्या काकूंना शेपूट दिसली. चौदाव्याला सरपंचांच्या भावाला मिशी. मामींना तर लखलखती नथच दिसली. ती टीव्हीच्या काचेत पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब होती हे मला दिसत होतं, पण आजी गेल्यापासून त्या नथीचं नाव घरात निघालं नव्हतं, म्हणून मी दिवा मालवला नाही.

गडबडीत भोई दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याच्या पिशवीत शिवडा होता, दुपारी जाळ्यात आलेला. सव्वा किलो. काट्यावर ठेवून दाखवला.

"पाटील, ह्योच लागला आसंल पोराला."

त्याच्याकडं कुणी बघेना. त्यानं ओट्यावर बसून तंबाखू मळली आणि मला म्हणाला, "मोठा मासा व्हतो कशानं? वरसानं व्हतो. मासा मरंपतुर वाढत ऱ्हातो. पर त्येला मरू द्या की त्येच्या मरणानं. आमी बारीक जाळं टाकायलो, बोटाएवढं पोरगं बी सुटत न्हाई. आता गंगत निस्ती चिलापी. कटला सोडा, ऱ्हावू सोडा, जाळ्यात चिलापीच."

मी त्याला सांगितलं, कंबोडियात मेकाँग नदीत २०२२ साली ३०० किलोचा पाकट मासा मिळाला, जवळजवळ चार मीटर लांब. गोड्या पाण्यातला आजवर नोंदलेला सर्वांत जड मासा. कोळ्यानं शास्त्रज्ञांना बोलावलं, त्यांनी मोजला, त्याला यंत्राची चकती लावली आणि परत नदीत सोडला.

"सोडला?" भोयानं तंबाखू तोंडात टाकायची थांबवली. "तीनशे किलो? मंग पैसं?"

"पैसे दिले की त्याला."

"आन् मासा बी गेला, पैसं बी आलं." त्यानं बराच वेळ विचार केला. "ही थाप मामा मारत्यात त्येच्यापरीस मोठी हाय."

शिवड्याचं कालवण झालं. नातवानं मागून घेऊन खाल्लं आणि आपल्याला जे लागलं ते यापेक्षा मोठं होतं, हे तीनदा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना त्याचा हात पोटरीवर होता. ताकाच्या वेळी गुडघ्याच्या वर होता. मामा त्याच्याकडं, पहिल्या पगाराच्या दिवशी बघावं तसं बघत होते.

पुढं उन्हाळा लागला. नांदेडचं विष्णुपुरी धरण तळाला गेलं म्हणून डिग्रसचे दरवाजे उघडले आणि आठवड्यात आमची गंगा खडकाला लागली. तीन म्हाताऱ्यांनी दाखवलेल्या तिन्ही जागा उघड्या पडल्या. एका जागी कंबरभर पाणी होतं, दुसरीकडं कोरडी वाळू, तिसरीकडं म्हशी बसल्या होत्या. सात बाजांचं काय, एका पाळण्याचं सुंभ पुरलं असतं. मला वाटलं, मामांना वाईट वाटेल. मी फोन केला.

"मामा, डोह आटला म्हणे. मासा?"

"त्यो?" मामा म्हणाले. "त्यो कशाला ऱ्हातोय हितं? दरवाजं उघडलं त्याच रातीला गेला की नांदेडला."

गोष्ट इथंच संपायची. पण पंधरा दिवसांनी नांदेडहून माझ्या आतेभावाचा फोन आला. तो तिकडं औषधांच्या दुकानात असतो, नदीशी त्याचा संबंध फक्त नळापुरता. विष्णुपुरीच्या पाण्यात पोहणाऱ्या पोरांच्या पायाला काहीतरी लागलं, साऱ्या शहरात बोलणं आहे, असं तो घाईघाईनं सांगत होता.

"केवढा आहे म्हणतात?" मी विचारलं.

"मांडीएवढा!"

"कुणाच्या मांडीएवढा?"

पलीकडं क्षणभर शांतता झाली. मग दुकानातल्या कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला.

"पैलवानाच्या," तो म्हणाला.